मोटर चालू दिसते

१

धाकटीच्या पाण्याला कुलूप लागलं होतं.

पाण्याला कुलूप लावतात, हे आत्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. विहिरीवरून तीन घरांना तीन पाइप जात: एक थोरल्याकडे, एक मधल्याकडे आणि एक धाकटीकडे. पहिले दोन मोकळे होते. तिसऱ्याच्या व्हॉल्व्हच्या चाकातून सायकलची साखळी ओवलेली, आणि तिला पंजाएवढं पितळी कुलूप. त्याच पाइपाच्या टोकाला धाकटीची रोपवाटिका. काळ्या पिशव्यांतली रोपं माना टाकून रांगेने उभी होती, अख्ख्या वर्गाला शिक्षा झाल्यासारखी.

आत्याने हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. ही विहीर तिच्या वडिलांनी खणलेली. या पाण्याने वाटसरूला कधी नाही म्हटलं नव्हतं, भटक्या कुत्र्यालाही नाही. पाणी देवाचं असतं, खणणारा नुसता हमाल, असं वडील म्हणायचे. आणि त्यांच्या नातवांनी आज घरच्या सुनेला, नवऱ्यामागे चार रोपं विकून मानाने जगणाऱ्या बाईला, तहानेचा धाक घातला होता.

"कुणी लावलं हे?" आत्याचा आवाज असा चढला की कठड्यावरचे कावळे उडाले.

धाकटी शेजारच्यांकडून दोन बादल्या पाणी मागून आणत होती. थांबली. "मधल्या भाऊजींनी मोबाइल दाखवला, दादांनी कुलूप लावलं, जाऊबाईंनी किल्ली ठेवली. माझ्या लग्नापासून या घरात एकीने झालेलं हे पहिलंच काम, आत्याबाई."

"आणि कशासाठी?"

"मोटरसाठी." धाकटीने विहिरीशेजारच्या पंपाच्या खोलीकडे मान उडवली. "सामाईक मोटर जास्त वीज खाते म्हणून भाऊजींनी आत एक डबा बसवला. मोटर कधी चालू, कधी बंद, सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसतं. सकाळ-संध्याकाळ टाकी भरायला मोटर लागते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती दुपारीही चालू निघाली. दुपारी आवारात दिसणारी मी एकटी. झालं! म्हणे मी चोरून मोटर लावते, टाकीला बगल देऊन सरळ रोपांना पाणी पाजते. दादा फाटकाशी उभे राहून मला चोरटी म्हणाले. माझं गिऱ्हाईक समोर होतं, हातात रोप घेऊन. ते रोप तसंच ठेवून निघून गेलं."

"मग?"

"मग काय? उद्या वकील येतोय. विहिरीवरचा आणि विहिरीकाठच्या जागेवरचा हक्क सोडला, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे कुलूप निघणार आणि मला माणुसकी म्हणून पाणी मिळणार." 'माणुसकी' हा शब्द तिने थुंकावा तसा बाहेर टाकला. "मी सही करणार आहे. रोपं मरताहेत हो. हक्क पाजून ती जगत नाहीत."

आत्याने पिशवी खाली ठेवली. "तू मोटर लावत होतीस का?"

धाकटीच्या हातून बादली हिंदकळली. "तुम्हीसुद्धा?"

"अख्खी नोकरी मी कोर्टात लघुलेखक होते, पोरी. साक्षीदार बोलायचे, मी टिपायचे. माणूस काय सांगतो यापेक्षा तो शब्द कोणता निवडतो, हे मला आधी ऐकू येतं. म्हणून सगळ्यांना विचारणार आहे, सुरुवात तुझ्यापासून."

"मग टिपा. नाही." धाकटीचे डोळे पेटले होते. "एवढाच शब्द आहे माझ्याकडे. नाही."

आत्याने मान हलवली. खोटं बोलणाऱ्याचं इतक्या थोडक्यात भागत नाही.

पण मग दुपारी मोटर लावत कोण होतं?

२

मधला घरूनच काम करायचा. पडदे ओढलेले, दार लोटलेलं, समोर दोन पडद्यांचा कॉम्प्युटर. आत्याला बघून तो उठला आणि हसला. पाहुणा आला की हसायचं, एवढं वळण त्याला होतं.

"आत्या! अगं, कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर कुलूप लपवलं असतंत ना. दाखव तो मोबाइल."

त्याने दाखवला. पडद्यावर एक हिरवा ठिपका आणि त्याखाली शब्द: 'मोटर बंद'. खाली दिवसांच्या उभ्या पट्ट्या.

"हे नाव कुणी दिलं? मोटर म्हणून?"

"मीच. काहीतरी नाव द्यावंच लागतं. त्या लाइनवर वीज वाहायला लागली की 'मोटर चालू', थांबली की 'मोटर बंद'. सोपं आहे."

"आणि दुपारी?"

"दुपारी मोटर चालू दिसते."

"कोण लावतं?"

"ते यंत्र सांगत नाही, आत्या. दुपारी विहिरीपाशी कोण असतं, ते उघड आहे."

"कुलूप लावल्यावर थांबलं?"

मधल्याने चष्मा काढून पुसला. "काही दिवस दुपारचं काही दिसलं नाही. आता परत दिसतंय."

"कुलूप असताना?"

"दुसरी किल्ली असेल तिच्याकडे, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"दादा म्हणतो."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी कशाला काही म्हणू? मी फक्त आकडे दाखवतो."

आत्याने आपला मोबाइल पुढे केला. "हे माझ्याही फोनवर घालून दे."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर गप्प बसेन. कळलं तर मात्र तुम्हाला बसू देणार नाही."

नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. त्याने ते घालून दिलं. आत्या जिना उतरली. मधल्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. नेमकं तेच टोचत होतं. इतकं जपून खरं कोण बोलतं?

३

पंपाचं काम गल्लीच्या टोकाचा वायरमन बघायचा. आत्याच्याच वयाचा, कानावर पेन्सिल खोवलेला, दुकानात बसल्याबसल्या कुणाचा तरी पंखा उघडून बसलेला.

"या ताई! कशा आलात? बसने, की कुणी मोटरने सोडलं?"

"बसने. मला सोडायला कोण येतंय! मला सांगा, विहिरीवरची मोटर बिघडली आहे का? वीज फार खाते म्हणतात."

"पंप? छे! परवाच बघितला. तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग वीज कुठे गळते?"

वायरमन हसला. "पाणी गळतं, ताई. वीज गळत नाही. वीज कुणीतरी पितं."

"कोण?"

"ते मी कसं सांगू? मी वायर ओढतो, माणसं नाही ओढत. लाइन चोख आहे. थोरल्यांनी मोटरसाठी नवा पॉइंट काढून घेतला, तेव्हा चांगली जाड वायर टाकून दिली मी. त्यानंतर मधल्यांनी आपला तो मोबाइलचा डबा बसवला. स्वतः विजेची फळी उघडली, स्वतः बसवला, आणि झाकणाचे स्क्रू मात्र मला लावायला बोलावलं! शिकलेली माणसं उघडतात झकास, बंद करायला आम्ही."

आत्याही हसली. मोटरसाठी नवा पॉइंट काढला तर काढला. जुनी वायर जळाली असेल, असं तिला वाटलं. कोर्टात ती हेच करायची: शब्द कानावर पडला की तसाच्या तसा उतरवायचा, अर्थ लावायचं काम न्यायाधीशाचं. ती सवय तिला त्या सकाळी नडली, कारण इथे न्यायाधीश दुसरं कुणी नव्हतंच.

४

थोरला जेवायला घरी आला तो आवाज न करता. त्याने नवी गाडी घेतली होती, विजेवर चालणारी. मांजराच्या पावलांनी ती फाटकातून आत आली आणि पंपाच्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. थोरल्याने डिकीतून चंदेरी आच्छादन काढलं, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं तिला चाकांपर्यंत गुंडाळलं, भिंतीकडच्या बाजूने वाकून दोनदा चाचपलं, मोबाइलवर कसलीशी वेळ लावली, आणि मग तो घरात आला.

"जपतोस हो गाडीला," आत्या म्हणाली.

"जपतात म्हणजे!" थोरलीने ताट वाढता वाढता उत्तर दिलं. "मला शिंक आली तर विचारत नाहीत, तिच्यावर धूळ बसली तर जेवण गोड लागत नाही. पण गाडी गुणी आहे हो, आत्याबाई. पेट्रोल नको, धूर नाही. आणि घरचं विजेचं बिल म्हणाल तर होतं तेवढंच! मी विचारलं तर हे म्हणतात, हवेवर चालते."

"बडबड पुरे. आत्याला भात वाढ," थोरला म्हणाला.

"भात नको, उत्तर हवं. पाण्याला कुलूप लावताना हात कापला नाही तुझा?"

थोरल्याने घास खाली ठेवला. "सामाईक वस्तूची चोरी मी खपवून घेणार नाही, आत्या. आज पाणी चोरलं, उद्या घर चोरेल. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

"तुझा बाप माझा भाऊ होता. तो असता तर त्याने आधी तुझा कान धरला असता, मग कुलूप. तिला मोटर लावताना तू पाहिलंस?"

"बघायला कशाला हवं? मोबाइलवर येतं."

"जाऊबाई जाऊबाई करत गोड बोलते," थोरली मध्येच पडली, "पण आतून पक्की आहे. किल्ली मी डब्यात ठेवलीय, तरी हिची मोटर चालते. म्हणजे बघा!"

"तुझ्या डब्यातली किल्ली हलली का कधी?"

"नाही."

"मग तिची मोटर चालते कशी?"

थोरलीला बहुधा हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ताटाकडे पाहत होता.

"मी जरा पडतो," तो म्हणाला. अर्धं ताट तसंच होतं.

५

दुपारी आत्या धाकटीच्या खोलीत बसली. ऊन असं की खिडकीचे गज हाताला चटके देत होते. डोक्यावर पंखा आपल्या चालीने फिरत होता. धाकटी जमिनीवर बसून बादलीतलं पाणी वाटीने मोजून बाजूला काढत होती. हे कुठल्या रोपाला, ते कुठल्या रोपाला.

"आताच का नाही घालत?" आत्याने विचारलं. "बघवत नाही त्यांच्याकडे."

"या उन्हात? मुळं शिजतील. पाणी सकाळी नाहीतर ऊन कलल्यावर." मग ती तुच्छतेने हसली. "तेच तर म्हणते मी. चोरच असते तर दुपारी चोरलं असतं का? माझ्या रोपांना विष घालायला? पण विचारतो कोण! रोपवाटिकेत कधी पाऊल ठेवलं असेल तर कळेल ना."

आत्याचा राग आता उकळत नव्हता. तो साईसारखा घट्ट होत चालला होता.

"आणि हा पंखा आहे ना," धाकटीने वर बोट केलं, "माझी लाइन आणि मोटरची लाइन एकाच खांबावरून येते. मोटर लागली की हा मान टाकतो. क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग परत पळतो. रोज सकाळ-संध्याकाळ बघते मी. दुपारी कधी—"

आत्याच्या मोबाइलने टिंग केलं.

तिने पाहिलं. ठिपका लाल झाला होता.

'मोटर चालू.'

दोघींनी एकदम वर पाहिलं. पंखा फिरत होता. त्याने मान टाकली नव्हती, डोळासुद्धा लवला नव्हता. आणि जिच्यावर आळ होता ती बाई हातात वाटी घेऊन आत्याच्या समोर बसली होती.

"ऊठ," आत्या म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

६

पंपाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार आणि गारवा. आत्याने पंपावर तळहात ठेवला. थंडगार. थरथर नाही, घरघर नाही. पाइपाला कान लावला, तर तो मुका. मोबाइल मात्र हातात ठासून सांगत होता: मोटर चालू.

"मेलेला माणूस धावतोय म्हणून कुणी शपथ घ्यावी, तसं झालं हे," ती पुटपुटली.

फळीच्या झाकणाच्या कडेने तिने नजर फिरवली. मधल्याच्या डब्यापासून पुढे दोन वायरी निघत होत्या. एक जुनी, कोळ्याच्या जाळ्यांनी माखलेली, पंपाकडे. दुसरी नवी, जाड, भिंतीला भोक पाडून मागच्या बाजूला बाहेर.

मागच्या बाजूला.

आत्या उन्हात आली आणि भिंतीला वळसा घालून उभी राहिली. चंदेरी आच्छादन ओढून थोरल्याची गाडी ऐन उन्हात तापत होती. आवाराच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली गारेगार सावली मोकळी पडली होती. धुळीचा कण सोसवत नाही अशी लाडकी गाडी, आणि तिला रोज दुपारी भट्टीत उभी करायची?

तेव्हा तिला वायरमन पुन्हा ऐकू आला. म्हातारा पंपाला पंप म्हणाला होता. मोटर तो दुसऱ्याच कशाला म्हणाला होता. 'बसने, की कुणी मोटरने सोडलं?' तिच्या पिढीत चार चाकांवर पळणाऱ्या सगळ्याला मोटर म्हणत. ती स्वतः लहानपणी मोटर आली म्हणून फाटकाकडे धावायची. थोरल्यांनी मोटरसाठी नवा पॉइंट काढून घेतला!

"बोलाव सगळ्यांना," ती धाकटीला म्हणाली. "आणि माझा आवाज आज चढला तर मला अडवू नकोस."

थोरला डोळे चोळत आला, थोरली त्याच्या मागे. मधला जिन्यातच थबकला होता. आत्याने त्याला बोटाने खाली बोलावलं.

"मोबाइल काढ. काय म्हणतो?"

"मोटर चालू दिसते," मधला म्हणाला.

"थोरल्या, पंपाला हात लावून ये."

"कशाला पण, आत्या—"

"हात लावून ये म्हटलं!"

तो गेला. आला. उन्हाने आला नव्हता तेवढा घाम आता त्याच्या कपाळावर होता.

आत्याने आच्छादनाची कड धरली आणि ओढली. चंदेरी कापड सरसरत खाली आलं. गाडीच्या पोटातून एक काळी केबल निघून भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती. आत्याने ती मुळाशी धरली आणि उपटली.

मधल्याच्या हातातला आणि आत्याच्या कमरेचा, दोन्ही मोबाइल एकदम वाजले.

'मोटर बंद.'

"मोटरच चालत होती," आत्या म्हणाली. "यंत्र खोटं बोललं नाही. फक्त ती पाण्याची मोटर नव्हती. तुझी होती, थोरल्या. पंप सुरू होताना हिसका देतो, लाइन दबते, धाकटीचा पंखा अडखळतो. गाडी लावून दिलेल्या वेळेला हळूच पिते, मांजर दूध पितं तशी. कुणाचा पंखा हलत नाही, कुणाची झोप मोडत नाही. कुलूप लावल्यावर तू काही दिवस आवरलंस, म्हणजे धाकटीच चोर होती असं दिसलं. पण गाडी किती दिवस उपाशी राहणार?"

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. "हवेवर चालते म्हणाला होता हो मला!"

"सामाईक वीज आहे," थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझाही वाटा आहे तिच्यात. सांगणार होतो मी. पण मध्येच हा डबा बसला, हिच्यावर संशय आला, मग..."

"मग गप्प बसलास. वीज घेतलीस ते मी एका थपडेवर सोडलं असतं. पण तुझ्या पापाचं गाठोडं तू हिच्या डोक्यावर दिलंस, आणि वर हिलाच चोरटी म्हणालास, फाटकाशी उभा राहून! अरे, चोरसुद्धा चोरी करून पळतो. तू चोरी करून न्यायाला बसलास!"

थोरल्याने मान खाली घातली. मधल्याने सुस्कारा सोडला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "दादा, हे तू बरं नाही केलंस."

आत्या गर्रकन वळली.

७

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याने चोरी केली. तू त्याहून वाईट केलंस."

"मी? मी तर नुसते आकडे—"

"सकाळपासून ऐकतेय मी तुला. 'मोटर चालू दिसते.' 'परत दिसतंय.' 'असं म्हणतात.' 'दादा म्हणतो.' धाकटीने मोटर लावली, हे वाक्य एकदा तरी तुझ्या तोंडून आलं का? एकदाही नाही. कोर्टात असे साक्षीदार मी पोत्याने टिपलेत. ज्याला खरं माहीत नसतं तो बिनधास्त म्हणतो, हिनेच केलं. तुझा दादा पाहा, थोरली पाहा! ज्याला खरं माहीत असतं आणि बोलायचं नसतं, तो 'दिसतं' म्हणतो. उद्या अंगाशी आलं तर हात वर करता यावेत म्हणून."

"हा पुरावा नाही, आत्या."

"नाही. पुरावा आत आहे. नवा पॉइंट आधी झाला, तुझा डबा नंतर बसला. फळी तू स्वतः उघडलीस. तुझ्या डब्यापुढे दोन वायरी आहेत, एक जुनी आणि एक अंगठ्याएवढी जाड, नवी कोरी. ती भिंतीतून कुठे जाते हे तुला दिसलं नाही? ज्याला सगळंच दिसतं, त्याला तेवढंच दिसलं नाही?"

थोरल्याने सावकाश मान वर केली. त्याचा चेहरा बदलत चालला होता. "तुला माहीत होतं?"

मधल्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"माहीत होतं," आत्या म्हणाली. "म्हणूनच आज तुला सावध करायला तो आला नाही. माझ्या फोनवर सगळं दिसणार, हे ठाऊक असूनही. सावध केलं असतं तर 'मला माहीत आहे' हे कबूल करावं लागलं असतं. स्वतःच्याच गप्प बसण्यात अडकला बिचारा."

"पण का?" थोरलीने विचारलं. "याला काय मिळणार होतं?"

उत्तर धाकटीने दिलं. इतका वेळ ती दगडासारखी उभी होती. "विहिरीकाठची जागा. भाऊजींना तिथे घर वाढवायचंय. माझी रोपं जिथे आहेत तिथे. मला विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हणाले होते." तिने मधल्याकडे पाहिलं. "गोड बोलून झालं नाही, म्हणून पाणी तोडून. आणि दादांची चोरी खिशात, म्हणजे दादाही उद्या तोंड उघडणार नाहीत."

"मी कुलूप लावलं नाही," मधला म्हणाला. अजूनही त्याची वाक्यं तपासून घेतलेली होती. "मी कधीच म्हटलं नाही की लावा."

"नाहीच म्हणालास!" थोरला ओरडला. "नुसतं रोज संध्याकाळी येऊन मोबाइल दाखवायचास!" त्याने भावाच्या शर्टाला हात घातला. मधल्याचा चष्मा खाली पडला. थोरली किंचाळली.

"सोड त्याला!" आत्याचा आवाज चाबकासारखा बसला. "चोराने चोराला मारून कुणी साव होत नाही. किल्ली आण."

थोरली धावत गेली आणि डबाच घेऊन आली. थोरल्याने स्वतः कुलूप काढलं. साखळी चाकातून ओढून बाजूला टाकली. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, धाकटीसमोर येऊन उभा राहिला आणि डोळे न उचलता म्हणाला, "घे. हवं तेवढं पाणी घे. वकिलाला मी येऊ नको म्हणून सांगतो. झालं ते घरातलं घरात राहू दे."

"'घे' म्हणू नका," धाकटी म्हणाली.

"अं?"

"घे म्हणजे तुमचं आहे आणि तुम्ही देताय. तुमचं नाही ते."

"तुझं आहे."

"आणि चोरटी म्हणालात ते घरात नव्हतं. फाटकाशी होतं. अख्ख्या गल्लीने ऐकलं."

तो उभाच राहिला. थोरली म्हणाली, "अगं, आता जाऊ दे ना, इतकं कबूल केलं—" आणि आत्याच्या नजरेला नजर भिडताच गप्प झाली. शेवटी थोरला चालू लागला. फाटक उघडून तो उंबऱ्यावर उभा राहिला. ऐन दुपारची गल्ली; दोन-तीन दुकानं उघडी, एका खिडकीत कुणी कपडे वाळत घालत होतं. त्याने पहिल्यांदा म्हटलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल. दुसऱ्यांदा मात्र तो मोठ्याने म्हणाला, "आमच्या धाकटीने चोरी केली नाही! चोरी मी केली!" खिडकीतला हात कपड्यावरच थांबला.

तो परत आला तेव्हा आत्याला त्याची दया आली. रक्ताचंच माणूस ते. तिला वाटलं, आता धाकटीच्या खांद्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, पोरी, झालं गेलं पाण्यात सोड, देवानेही पापी टाकलेला नाही. शब्द अगदी ओठांवर आले. मग तिची नजर रोपांकडे गेली. पहिल्या रांगेतली काही रोपं मुळापासून काळी पडली होती. ती आता कुणाच्या कबुलीने उठणार नव्हती. आत्याने शब्द गिळले. क्षमा मागायची ज्याची त्याने, आणि करायची जिची तिने. मध्ये दलाल कशाला?

"आत्याबाई," धाकटी म्हणाली, "मला माझी वेगळी मोटर हवी. माझा पाइप, माझं मीटर, माझं बटण."

"अगं, विहीर सामाईकच ठेवू. बाबांची आहे ती," थोरला काकुळतीने म्हणाला. "आपण तिघं मिळून—"

"विहीर राहू दे सामाईक," ती म्हणाली. "माणसं नकोत."

मधला चष्मा शोधत जमिनीवर चाचपडत होता. त्याला कुणी उचलून दिला नाही.

"उद्या बोलावते मी वायरमनला," आत्या म्हणाली.

"उद्या नाही, आत्याबाई. आता."